सात डबे

माझ्या जीममध्ये पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर माझा फोटो दिसतो. लंगोट, अंगावर तांबडी माती, फुगलेले दंड, मान म्हणजे नुसता खांब. 1999 सालच्या एका जत्रेत कुस्ती निकाली केल्यावर काढलेला. मी तेव्हा 22 वर्षांचा होतो आणि प्रोटीन पावडर ही चीज मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पहिला डबा माझ्या हातात आला तो 2010 मध्ये, जीम सुरू करून वर्ष झाल्यावर.

त्या डब्यांसाठी मी काचेचं कपाट करून घेतलं आणि ते फोटोच्या बरोबर खाली बसवायला लावलं. सुतार म्हणाला, इथं उजेड कमी पडतोय, दाराजवळ लावू. मी म्हणालो, इथंच. त्या ‘इथंच’मध्ये माझा सगळा धंदा होता. हे अंग या डब्यावर झालंय असं मी तोंडानं कुणालाही कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. वर फोटो, खाली डबा. मधलं वाक्य पोरं आपापलं जुळवून घ्यायची आणि मी जुळवू द्यायचो.

बारा वर्षं जुळवू दिलं.

2022 च्या पावसाळ्यात एक पोरगा आला. पंचगंगेपलीकडच्या गावचा, आयटीआयला जाणारा, वय 19, वजन 58 किलो. हाडं चांगली होती, मनगट रुंद होतं. असा पोरगा बघितला की माझ्यातल्या जुन्या पैलवानाचा हात आपोआप त्याच्या खांद्यावर जातो. मेहनतीला तो कधी कमी पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला कपाटापाशी नेलं. एका डब्याची किंमत 2,900 रुपये, वजन एक किलो, दिवसाला एक स्कूप धरला तर महिना जातो. त्यातले 550 रुपये माझे.

पैसे द्यायला त्याची आई स्वतः आली. बाजारातून येता येता आली असावी, हातात पिशवी होती. नोटा दूध संस्थेच्या बिलाच्या चिठ्ठीत गुंडाळलेल्या होत्या. त्या मोजून माझ्या हातात देता देता ती थांबली.

“सर, एक इचारू? ह्येच्यात दुधापेक्षा जास्ती काय हाय? दोन म्हशी हायत आमच्या घरात.”

प्रश्न सरळ होता आणि उत्तर मला येत होतं. मी म्हणालो, “मावशी, दुधात बघा, पाणीच जास्त. पचायला जड. ह्यात नुसतं प्रोटीन.”

तिनं मान डोलावली आणि नोटा दिल्या. माझ्या तीन वाक्यांतलं एकही धड खोटं नव्हतं. म्हशीच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतंच. पण ती बाई न्यायनिवाडा मागत होती आणि मी तिला पक्षकाराच्या वकिलासारखं उत्तर दिलं, तेही पक्षकार मीच असताना.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्या आईच्या स्वयंपाकघरात होतं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आई दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायची. रात्रभर खाली पातेल्यात पिवळसर हिरवं पाणी ठिबकायचं. सकाळी चक्का श्रीखंडाला आणि पाणी म्हशीच्या आंबोणात. त्या पाण्यात जे प्रोटीन विरघळलेलं असतं त्याला व्हे प्रोटीन, थोडक्यात व्हे, म्हणतात. चीज करताना दूध फाडलं की हेच पाणी मागे राहतं. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघतं आणि नऊ लिटरच्या आसपास पाणी. परदेशातले चीजचे कारखाने एके काळी ते नदीनाल्यांत सोडायचे, डुकरांना पाजायचे. मग बारीक चाळणीसारख्या पडद्यांतून ते गाळून, आटवून, वाळवून भुकटी करण्याचं तंत्र निघालं. डब्यात येते ती ही भुकटी. चक्क्याच्या पाण्यात आंबटपणा असतो, चीजच्या पाण्यात तो फारसा नसतो, एवढा फरक, जातकुळी एकच.

म्हणजे मी त्या बाईला दूधच विकत होतो. कुठल्या तरी लांबच्या गाईचं, त्यातलं प्रोटीन तेवढं काढून घेतलेलं, आणि तिच्या स्वतःच्या दुधाच्या बिलावर. दुधातल्या प्रोटीनपैकी पाचातला एक भाग व्हे; उरलेले चार भाग केसिन. तेच चक्क्यात, पनीरमध्ये राहतं. हे सगळं मला 2010 मध्येच डब्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात वाचायला मिळालं होतं. आंबोणाची बादली तेव्हाच डोळ्यांसमोर आली होती आणि मला हसूही आलं होतं. ते हसू मी कुणाला सांगितलं नाही.

पोरांना सांगायला माझ्याकडे एक शास्त्रीय गोष्ट होती. फ्रान्समधल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की व्हे पोटातून झटकन रक्तात उतरतं आणि केसिन पोटात गोठून हळूहळू, कित्येक तास उतरत राहतं. मी ते असं सांगायचो: “दूध पोटात बसून राहतंय, पावडर थेट दंडात जातीय.” पोरं खूश. त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मी कधी उच्चारला नाही. शरीर स्वतःचंच प्रोटीन मोडून खात असतं, आणि ती मोडतोड रोखायला केसिनचा तो रेंगाळणारा स्वभावच जास्त कामी आला होता. म्हणजे दुधात एक झटपट चालणारा आणि एक सावकाश चालणारा, असे दोन्ही गडी असतात. मी त्यातला एकच दाखवला, कारण दुसऱ्याचा डबा माझ्या कपाटात नव्हता.

आणखीही माहीत होतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 56 तरुणांना बारा आठवडे वजनं उचलायला लावून त्यांचे तीन गट केले होते. एकाला व्यायाम झाल्याझाल्या अर्धा लिटर आणि तासाभरानं पुन्हा अर्धा लिटर साय काढलेलं दूध. दुसऱ्याला तेवढ्याच प्रोटीनचं सोयाचं पेय. तिसऱ्याला नुसतं साखरेच्या जातीचं पेय. दूध पिणाऱ्यांचं स्नायूंचं वजन इतर दोघांपेक्षा जास्त वाढलं. हे 2007 मध्येच छापून आलं होतं. त्यात व्हेच्या डब्याशी सामना नव्हता, हेही इथं सांगायला हवं. नाहीतर मी पुन्हा अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल, फक्त या वेळी उलट्या बाजूनं.

पण सगळ्यात जास्त टोचला तो 2018 चा आकडा. 49 प्रयोग एकत्र करून, 1,863 माणसांचा हिशोब मांडून संशोधकांनी सांगितलं की व्यायामाबरोबर जादा प्रोटीन दिल्यानं स्नायूंच्या वजनात सरासरी पडलेली भर साधारण 300 ग्रॅम. बाकीची कमाई व्यायामाची. आणि दिवसाकाठी शरीराच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे प्रोटीन खाल्लं तर त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. 300 ग्रॅम! आमच्याकडे पोरं आरशासमोर उभी राहून आठवड्यात किलो मागतात.

वहीत तो हिशोब मी अनेकांसाठी मांडू शकलो असतो. या पोरासाठी मांडला तो फार उशिरा, तो जीम सोडून गेल्यावर. 58 किलोला 1.6 नं गुणलं की 93 ग्रॅम. त्याचं रोजचं जेवण मला तोंडपाठ होतं, कारण मीच त्याला ते विचारून ‘यात काही नाही’ असं म्हणालो होतो. ज्वारीच्या चार भाकरी, वाटीभर आमटी, मटकी नाहीतर मसुराची उसळ, भात, मूठभर शेंगदाणे. त्यात ‘काही नाही’ असं नव्हतं. जवळपास 60 ग्रॅम प्रोटीन होतं. कमी पडत होतं ते तीसेक ग्रॅम. म्हशीच्या एक लिटर दुधात 38 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. घरी दिवसाला नऊ-दहा लिटर दूध निघत होतं. त्यातलं पाऊण-एक लिटर बाजूला काढलं असतं तर खड्डा भरला असता, आणि त्याच्यासारख्या काटकुळ्या पोराला दुधातलं लोणी आणि साखरही हवीच होती. वजन वाढायला नुसतं प्रोटीन पुरत नाही, पोटभर अन्न लागतं.

पैशांत बघितलं तर आणखी लाज वाटते. डब्यावर लिहिलेलं खरं धरलं तर तीस स्कूप, प्रत्येकी 24 ग्रॅम, म्हणजे 720 ग्रॅम प्रोटीन 2,900 रुपयांना. ग्रॅमला चार रुपये. त्या काळी दुकानातून म्हशीचं दूध साठ-पासष्ट रुपये लिटरनं आणलं तरी ग्रॅमला पावणेदोन रुपयांच्या वर जात नव्हतं. आणि तिला तर संस्थेत त्याहून कमी भाव मिळत होता. संस्थेत दूध घालताना भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागावर, ठरतो. म्हशीच्या दुधाला फॅट 6 आणि एसएनएफ 9 हे माप धरतात. प्रोटीनचं नाव त्या चिठ्ठीत कुठेच नसतं. ते एसएनएफच्या पोटात मुकाट्यानं जातं. तीच वस्तू माझ्या कपाटात आली की तिच्या नावानं मोठी अक्षरं आणि ग्रॅमवर दर.

त्याला डबा देताना मी सांगितलं होतं, पाण्यातनं घे. दुधातनं अर्धाच स्कूप घे, असं सांगितलं असतं तर डबा दोन महिने गेला असता.

इथवर लिहून मी थांबलो होतो, कारण पुढचं पान सोपं वाटायला लागलं होतं. दूध चांगलं, पावडर वाईट. आई, म्हैस, माती, परंपरा. आणि मी पश्चात्ताप झालेला पैलवान. हा फोटोही पहिल्या फोटोइतकाच बनावट झाला असता.

दुधाच्या नावावर आमच्या तालमीतही कमी थापा चालत नव्हत्या. माझे वडील संध्याकाळी म्हैस घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईकासमोर धार काढायची, धारोष्ण दूध पेल्यात, वर फेस. फेसामुळे पेला भरल्यासारखा दिसतो. वडील फेस बसेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा वरून घालायचे. मी कडेला उभा राहून तालमीतले पैलवान पेल्यामागून पेले रिचवताना बघायचो. पुढे मीही त्यांच्यातला झालो. दिवसाला दोन लिटर दूध, वाटीभर तूप, बदामाची थंडाई. वस्तादांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “खाशाबा जाधव काय डबा खाऊन हेलसिंकीला गेले होते काय?” 1952 च्या ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबांनी बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोच्या आत राहून, ब्राँझ पदक आणलं. बँटमवेटचा गडी अंगावर मांस चढवण्यासाठी झुरत नसतो, तो वजन आवरत असतो. वस्तादांच्या दाखल्यातून दूध सिद्धही होत नव्हतं आणि पावडर खोटीही ठरत नव्हती. पण आम्ही माना डोलवायचो. माझ्या जीममधली पोरं डोलवतात तशाच.

दुधानं मलाही सोडलं नाही. 26 व्या वर्षी गुडघा गेला, कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. एक लिटर म्हशीच्या दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात. मेहनत निम्मी आणि दूध दोन लिटर. पस्तिशीत मी 104 किलोचा झालो आणि डॉक्टरांनी रक्ताचा कागद माझ्यापुढे सरकवून विचारलं, पैलवान, हे काय? त्या वेळी वजन उतरवताना मला पावडरच उपयोगी पडली. थोड्या कॅलरीत जास्त प्रोटीन, हे तिचं काम ती चोख करते. जीममध्ये बँकेतले एक साहेब येतात, पोट सुटलेलं, कोलेस्टेरॉल वाढलेलं, शाकाहारी. त्यांना मी दोन लिटर दूध सांगितलं तर तो गुन्हा ठरेल. एका मुलीला दूध प्यायलं की पोटात गुडगुड सुरू होते. तिला व्हे आयसोलेट सोसतं, कारण त्यातली दुधाची साखर बहुतेक काढलेली असते. दही-ताकही चालतं तिला, पण रोज डबाभर दही घेऊन ती कॉलेजला कुठं जाणार? आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय. बहुतेकांसाठी ते बरोबर आहे. सगळ्यांसाठी आहे असं मला माझ्या अनुभवावरून वाटत नाही.

म्हणजे प्रश्न कोणाचं अंग, कोणाचं ताट आणि कोणाचा खिसा, असा होता. तो प्रत्येक पोराला बसवून विचारणं हेच माझं काम होतं. मी मात्र सगळ्यांना एकच उत्तर दिलं, कारण माझ्या कपाटात एकच उत्तर होतं.

नुसते पैसेच असते तर मी इतका अडखळलो नसतो. 550 रुपयांसाठी माणूस खोटं बोलतो, हे कबूल करणं तसं हलकं आहे; सगळेच थोडंफार बोलतात. त्याच्या तळाशी आणखी काही आहे. शाळेत असताना माझ्या अंगाला दुधाचा आणि शेणाचा वास येतो म्हणून पोरं बाक बदलायची. वडिलांच्या सायकलच्या हँडलला अडकवलेल्या किटल्यांचा आवाज लांबून आला की मी गल्ली बदलायचो. पहिला डबा हातात आला तेव्हा मला त्याचा पांढरेपणा आवडला. सीलबंद, कोरडा, चॉकलेटचा वास, चकचकीत कागद, सातासमुद्रापलीकडचा पत्ता. तोच पदार्थ, पण म्हैस नाही, गोठा नाही, वडील नाहीत. हे मला आवडलं होतं. ते मी खेड्यातून आलेल्या पोरांना विकत होतो आणि त्यांनाही ते आवडत होतं. त्या आईनं ‘दुधापेक्षा जास्ती काय?’ असं विचारलं तेव्हा मला जो सूक्ष्म राग आला, तो या जागेवरचा होता. तिनं नकळत मला पुन्हा गोठ्यात उभं केलं होतं.

डब्यावरच्या आकड्यांवरचाही माझा विश्वास 2024 मध्ये गेला. भारतात मिळणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी तपासणारा एक अभ्यास ‘मेडिसिन’ नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या 25 मध्ये प्रोटीन लिहिल्यापेक्षा कमी निघालं. काहींत तूट निम्म्यावर गेली होती. हे कसं साधतात तेही समजून घेतलं. प्रोटीन थेट मोजणं अवघड म्हणून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 नं गुणायचं, अशी योहान केल्डाल या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञानं 1883 मध्ये काढलेल्या पद्धतीवर आधारलेली रीत आहे. मग स्वस्तातलं ग्लायसिनसारखं अमिनो आम्ल मिसळलं की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं. हे वाचून मी चपापलो ते वेगळ्याच कारणानं. एसएनएफ वाढवायला दुधात युरिया टाकणारे महाभाग मी लहानपणापासून ऐकत आलोय. 2008 मध्ये चीनमध्ये मेलामाइन टाकून हाच डाव खेळला गेला आणि त्यात तान्ही मुलं दगावली. म्हणजे दूध म्हटलं की पवित्र आणि डबा म्हटलं की भेसळ, अशी वाटणीही करता येत नाही. माप जिथं ठरतं तिथं मापाला फसवणारा पोचतोच. मी विकलेल्या डब्यांत काय होतं, हे मी कधी तपासून घेतलं नाही. तपासायला हवं हे मनातही आलं नाही, हे त्याहून वाईट.

आता ज्या गोष्टीपाशी यायला मी इतकी पानं घेतली ती.

चौथा डबा नेताना पोरगा मोठ्या अभिमानानं म्हणाला, “सर, आता घरात दूध ठेवतच न्हाई. चहापुरतं सोडलं तर सगळं संस्थेला. डब्याचं बरोबर भागतंय.”

त्याला एक धाकटी बहीण होती, नववीत. कधी तरी त्याला बोलवायला जीमच्या दारात यायची; आत यायची नाही, चपला घालून उंबऱ्यावरच उभी राहायची. तिला रात्री वाटीभर दूध मिळायचं ते आता संस्थेच्या किटलीत जात होतं, हे समजायला मला पोषणशास्त्र लागत नव्हतं. त्याच्या वाक्यातच ते होतं. मी काय म्हणालो? “मग! हिशोबानं चाललंय तुझं.” आणि डबा कागदात गुंडाळून दिला.

2023 च्या भाऊबीजेला माझी बहीण ओवाळायला आली होती. माझा मुलगा शेकर हलवत घरात फिरत होता आणि मी त्याला माझ्या काळच्या खुराकाच्या गोष्टी सांगत होतो. दोन लिटर दूध, वडिलांनी कट्ट्यावरच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणून माझ्यासाठी राखलेलं, वगैरे. बहीण निरांजनाची वात सारखी करत ऐकत होती. मधेच म्हणाली, “व्हय. आनि मी कोरा चहा. तुज्या दंडात माजा चहा हाय, दादा.” सगळे हसले. तीही हसली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. चाळीस वर्षांची बाई, दोन लेकरं वाढवलेली; तिनं ते विनोद म्हणूनच सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिणं बरं दिसेल, पण झोप लागली. सकाळी जीम उघडताना मात्र फोटोकडे नजर गेली आणि ती त्या दंडावरच थांबली. मग उंबऱ्यावर उभी राहणारी ती नववीतली मुलगी आठवली. माझ्या घरात जे झालं ते आईवडिलांच्या गरिबीनं आणि रूढीनं झालं, मी लहान होतो, असं म्हणून मला सुटता येतं. तिच्या घरात जे झालं ते मी केलं. दोन म्हशींचं दूध असलेल्या घरातून एका पोरीचं वाटीभर दूध काढून, त्याचे पैसे करून, त्या पैशांतून त्याच दुधाच्या चुलत भावाचा डबा तिच्या भावाला विकला.

दूध की पावडर, याचा तक्ता मी पोरांसाठी कितीतरी वेळा फळ्यावर मांडला. प्रोटीन किती, फॅट किती, पचायला किती वेळ, ल्युसिन किती, दर ग्रॅमचा भाव. ‘कोणाच्या वाट्याचं’ हा रकाना माझ्या तक्त्यात कधीच नव्हता. तालमीतल्या वस्तादांच्या तक्त्यातही नव्हता. पावडर सोडून दूध धरलं तरी तो रकाना रिकामाच राहतो. पोराला रोज एक लिटर दे, असं मी त्या आईला सांगितलं असतं तरी पोरीच्या वाटीचं काय, हे मी विचारलं असतं का? मला नाही वाटत. मी आखाड्यात वाढलोय. आमच्यात घरातलं सगळं दूध एका पोराच्या दिशेनं वाहतं आणि त्याला आम्ही खुराक म्हणतो.

काय बदललं ते थोडक्यात सांगतो, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. कपाट काढलं. डबे विकणं बंद केलं. ज्यांना हवेत ते आपले आपण आणतात आणि मला दाखवतात, मी जमेल तसं सांगतो. नवा पोरगा आला की आधी त्याचं ताट विचारतो, मग घरात किती माणसं, दुभतं आहे का, भावंडं काय खातात. दोघा-तिघांना हे विचारणं आवडलं नाही, ते दुसऱ्या जीमला गेले. तिथं कपाट आहे.

फोटो अजून भिंतीवर आहे. खाली एक पट्टी लावली आहे: ‘1999. तालीम. घरचं दूध.’ ती पट्टी लावताना ‘बहिणीच्या वाट्याचं’ असं लिहायचं मनात होतं. लिहिलं नाही. लोक हसतील असं वाटलं.

तो पोरगा आता एका कारखान्यात पाळीवर जातो. आठ महिन्यांत त्याचं वजन चार किलो वाढलं होतं. ते डब्यानं, की डंबेल्सनं, की एकोणिसाव्या वर्षानं, हे कुणालाच सांगता येणार नाही; त्याला मात्र ते डब्यानं वाढलं असं पक्कं वाटतं आणि तसं वाटायला लावणारा मी. गेल्या दिवाळीत त्याची आई बाजारात भेटली. भाजीच्या गर्दीत हात जोडून म्हणाली, “सर, तुमच्यामुळं पोरगं मार्गाला लागलं.” सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, “त्याची मेहनत, मावशी.” हेही खरंच होतं. माझी सगळी अर्धी वाक्यं खरीच असतात.

सात डबे नेले त्यानं. सातांना 550 म्हणजे 3,850 रुपये. ते अजून माझ्याकडेच आहेत.